टिकली म्हणून चांगली?

‘असल्या गाड्या आता बनत नाहीत.’ फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाचं कौतुक करणाऱ्या माणसाला दोन मिनिटं बोलू द्या, तो या वाक्यापाशी येतोच. गाडी तुम्हीही पाहिली आहे, नाव माहीत नसेल एवढंच. नव्वदच्या दशकानंतरच्या हॉलिवूडपटांत पोलिसांची जी लांबलचक सेडान सायरन वाजवत, मागचा भाग घसरवत कोपऱ्यावर वळते, ती बहुतेक वेळा हीच. त्याच काळातली न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी म्हणजेही हीच. आणि विमानतळावर बड्या साहेबाला घ्यायला येणारी काळी लिंकन टाउन कार? आतून तीही हीच.

‘आतून’ म्हणजे प्लॅटफॉर्म. चासी कशी, सस्पेन्शन कसं, इंजिन कुठे बसणार, कोणती चाकं फिरणार, पेट्रोलची टाकी कुठे राहणार, हे सगळे न दिसणारे निर्णय एकदा घ्यायचे आणि त्यावर वेगवेगळे पत्रे, सीटा आणि दिवे लावून वेगवेगळ्या नावांनी गाड्या विकायच्या, असा हा धंदा असतो. फोर्डच्या या प्लॅटफॉर्मचं नाव होतं पँथर. (आपल्याकडे या शब्दाला फार मोठा इतिहास आहे. त्याच्याशी याचा काही संबंध नाही.) १९७९ च्या मॉडेलपासून सप्टेंबर २०११ पर्यंत फोर्ड, मर्क्युरी आणि लिंकन या तिन्ही ब्रँडच्या मोठ्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या सेडान याच सांगाड्यावर बनल्या. तेहतीस वर्षं. माझ्या वयापेक्षा जास्त.

भक्तांची कथा अशी: ही शेवटची प्रामाणिक गाडी. पुढे व्ही-एट इंजिन, मागे ताकद, खाली ट्रकसारखी चासी, फालतू इलेक्ट्रॉनिक्स नाही. दणकट होती म्हणून तीन दशकं टिकली. मग सरकारच्या नियमांनी तिचा गळा दाबला आणि आपल्या नशिबी टचस्क्रीनवाल्या फुगीर एसयूव्ही आल्या.

या कथेतले सुटे तुकडे बरेचसे खरे आहेत. कथा मात्र मला मान्य नाही. पँथर टिकली याचं मुख्य कारण तिचा दणकटपणा नव्हे. तिच्या उत्तरायुष्यात गाडी विकत घेणारा आणि त्या गाडीत आयुष्य काढणारा ही दोन वेगळी माणसं होती, हे ते कारण आहे. घेणाऱ्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं. बसणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

आता पहिल्यापासून बघू.

सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या गाड्या अक्षरशः होडीसारख्या झाल्या होत्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये तिथल्या संसदेनं मायलेजचा कायदा केला. कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढायची आणि ती १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैलांवर न्यायची. जनरल मोटर्सनं १९७७ मध्येच आपल्या मोठ्या गाड्या कापून लहान केल्या. फोर्ड दोन वर्षं मागे राहिली, आणि त्या दोन वर्षांत ‘आमची गाडी अजून खरोखर मोठी आहे’ अशा जाहिराती करत राहिली. १९७९ ला पँथर आली तेव्हा फोर्ड एलटीडी आधीच्या एलटीडीपेक्षा सव्वा फुटाने आखूड होती, वजनालाही शेकडो पौंडांनी हलकी. म्हणजे ज्या गाडीला आज लोक अवाढव्यतेचं प्रतीक मानतात, ती जन्मली तेव्हा काटकसरीची गाडी होती! आणि नेमकं त्याच वर्षी इराणमध्ये क्रांती झाली, तेल पुन्हा भडकलं, आणि कापलेली गाडीसुद्धा लोकांना जड वाटू लागली. १९८० साली फोर्डला दीड अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला.

त्या वेळी कुणी पैज लावली असती की हा सांगाडा पुढच्या शतकात जाईल, तर लोक हसले असते. सगळा उद्योग पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांकडे वळत होता. जनरल मोटर्सनं आपल्या बऱ्याच मोठ्या सेडान ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिकडे नेल्या. फोर्डची स्वतःची टॉरस १९८६ च्या मॉडेलवर्षी आली आणि तुफान चालली. पण १९८६ मध्येच तेलाचे भाव कोसळले. मोठी गाडी घेणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या गिऱ्हाइकाला हायसं वाटलं. फोर्डलाही वाटलं, कारण साच्यांचा आणि यंत्रांचा खर्च केव्हाच वसूल झालेला होता. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर मजबूत नफा. असलं पोर कोण घराबाहेर काढेल?

इथे तिच्या बाजूचं म्हणणं पुरेपूर मांडतो, नाहीतर उगाच एकतर्फी होईल. पँथरची बांधणी बॉडी-ऑन-फ्रेम होती. खाली पोलादी चौकट, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. आपल्याकडे बोलेरो, स्कॉर्पिओ अशाच बांधणीच्या आहेत. आजच्या बहुतेक कारमध्ये बॉडी आणि चासी एकच असते, त्यामुळे जोराचा दणका बसला की सगळंच वाकतं आणि गॅरेजवाला मान हलवतो. पँथर फुटपाथवर चढवा, खड्ड्यात आपटा, समोरच्या गाडीला बंपरने ढकला. ती सहन करायची, आणि नाही केलं तर तुटलेला भाग उघडून नवा लावायचा. इंजिन तासन्‌तास उभ्याने चालू ठेवलं तरी तक्रार नाही. पोलिसांच्या आणि टॅक्सीच्या वर्कशॉपमध्ये पार्टचा साठा तयार, मेकॅनिकचे हात बसलेले. वापरून झालेल्या पोलीस गाड्या लिलावात घेऊन अनेक शहरांत टॅक्सीवाले त्या पुढे कित्येक वर्षं चालवायचे. दुरुस्त करता येणं हा गुण आहे, मोठा गुण आहे. ज्या पिढीला फोनची बॅटरी बदलायला हीट गन लागते, तिला त्याचं आकर्षण वाटलं तर आश्चर्य नाही. मलाही वाटतं.

पण भक्त दुरुस्तीवर थांबत नाहीत. ते म्हणतात, गाडी मुळातच इतकी बरोबर बनली होती की तिला बदलावंच लागलं नाही. हे साफ चूक आहे. १९९१ च्या टाउन कारमध्ये ४.६ लिटरचं नवं व्ही-एट आलं. १९९२ मध्ये क्राउन व्हिक्टोरियाला पूर्ण नवी, गोलसर बॉडी मिळाली. (पहिल्या वर्षी तिला पुढे जाळीच नव्हती. तोंड नसलेली गाडी लोकांना आवडली नाही, पुढच्या वर्षी गुपचूप जाळी लावली.) १९९८ ला मागचं सस्पेन्शन बदललं. २००३ ला चौकटीचा पुढचा भाग नव्या पद्धतीने बनवला, जुनं स्टिअरिंग काढून रॅक अँड पिनियन टाकलं. म्हणजे इंजिनिअर हात लावत होते आणि चांगलं काम करत होते. ‘बुलेटप्रूफ’ म्हणतात त्या इंजिनाचंही सांगतो. १९९६ नंतरच्या काही वर्षांत त्याचा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड तडकायचा आणि कूलंट गळायचं. प्रकरण कोर्टात गेलं आणि फोर्डला तडजोड करावी लागली.

तेव्हा गाडी बदलता येत नव्हती असं नाही. बदलायचं काय आणि नाही काय, हे कोण ठरवत होतं, तिथे खरी गोम आहे.

१९९२ मध्ये फोर्डनं आणखी एक बदल केला, तो कुठल्याही चाहत्याच्या यादीत नसतो. मायलेजच्या कायद्यात देशी आणि आयात अशा दोन वेगळ्या सरासऱ्या होत्या. गाडीचे ७५ टक्के भाग देशी असतील तर ती देशी, नाहीतर आयात. क्राउन व्हिक्टोरिया पेट्रोल पिणारी, त्यामुळे ती देशी सरासरी खाली खेचायची. मग फोर्डनं काय करावं? तिचे काही भाग मुद्दाम परदेशातून मागवायला सुरुवात केली. देशी प्रमाण पंचाहत्तरच्या खाली गेलं आणि ज्या गाडीला लोक अमेरिकेची अस्सल लेक समजतात ती कागदोपत्री परदेशी झाली. आयात खात्यात फोर्डच्या बारक्या, कमी पिणाऱ्या गाड्या होत्या, त्यांच्या सरासरीत ही खपून गेली. एक थेंबही पेट्रोल वाचलं नाही. प्रामाणिक गाडी म्हणणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा.

आणि मग १९९६. या गाडीच्या पुढच्या पंधरा वर्षांचं सगळ्यात मोठं कारण फोर्डमध्ये घडलंच नाही. तोपर्यंत पोलिसांपुढे दोन पर्याय होते, फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया आणि शेवरोलेची कॅप्रिस. कॅप्रिस टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात बनायची. जनरल मोटर्सनं हिशेब केला की तिथे मोठ्या एसयूव्ही बनवल्या तर कितीतरी जास्त नफा आहे. त्यांनी कॅप्रिस बंद केली. क्रायसलरनं आपली मागच्या चाकांची सेडान १९८९ मध्येच सोडली होती. म्हणजे मोठी, व्ही-एट, मागच्या चाकांवर चालणारी, चौकटीवरची सेडान घ्यायची तर अमेरिकेत एकच कंपनी उरली. रेसमधले बाकीचे धावपटू ट्रॅक सोडून घरी गेले आणि उरलेल्याला आपण आज विजेता म्हणतोय.

स्पर्धा संपल्यावर एखाद्या वस्तूचं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबेसिडर आपल्या आईबापांनी वर्षानुवर्षं नंबर लावून घेतल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांना गहिवरून आलं. गहिवराला माझी ना नाही. पण ती गाडी इतकी वर्षं चालली ती लोकांनी निवडली म्हणून नव्हे, निवडायला दुसरं फारसं काही नव्हतं म्हणून. आपल्याकडे ती सोय लायसन्स राजनं केली, तिकडे एसयूव्हीच्या नफ्यानं.

आता टाकीकडे येतो. या लेखात मला मुख्यतः जे सांगायचंय ते हेच आहे.

पँथरची पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे आणि डिकीच्या पुढे उभी बसवलेली होती. १९७९ साली यात जगावेगळं काही नव्हतं. पण फोर्डला ही जागा इतर कुणाहीपेक्षा चांगली माहीत असायला हवी होती. जून १९७८ मध्ये, म्हणजे पँथर बाजारात येण्याच्या काही महिने आधी, फोर्डनं सुमारे १५ लाख पिंटो आणि तिच्या जुळ्या बॉबकॅट गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण तेच. मागून धडक बसली की अ‍ॅक्सलच्या मागची टाकी चेपली जाऊन फुटायची आणि पेट घ्यायची. त्यावर उपाय म्हणून टाकी आणि डिफरन्शियलच्या मध्ये प्लॅस्टिकची ढाल बसवून दिली गेली. पँथर पिंटोपेक्षा खूप मोठी, खूप मजबूत. दोन्ही सारख्याच धोकादायक होत्या असं मी म्हणत नाही. पण टाकीची जागा अ‍ॅक्सलच्या मागेच राहिली. ऐंशी-नव्वदच्या दशकात एकेक नवा प्लॅटफॉर्म टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे, मागच्या सीटखाली नेत होता. पँथरला ते शक्य नव्हतं. त्यासाठी तिचा सांगाडाच बदलावा लागला असता, आणि सांगाडा बदलायचा नाही हेच तर तिचं अर्थकारण होतं.

पोलिसाची गाडी उभी कुठे असते ते आठवा. हायवेच्या कडेला, दिवे लावून, कुणाच्या तरी बंद पडलेल्या किंवा थांबवलेल्या गाडीच्या मागे. आणि मागून सत्तर-ऐंशी मैलांच्या वेगाने कुणीतरी दारू पिऊन किंवा पेंगत येतो. अशा धडकांनंतर लागलेल्या आगींत डझनाहून अधिक पोलीस गेले. अ‍ॅरिझोनात हा प्रश्न सगळ्यात जोरात उठला. धडकेतून वाचलेली माणसं आगीत जळत होती.

२००१ मध्ये केंद्रीय वाहनसुरक्षा संस्थेनं चौकशी सुरू केली. ऑक्टोबर २००२ मध्ये ती बंद झाली. निष्कर्ष: दोष नाही, गाडी नियमात बसते. आणि ती बसत होतीच. नियम काय होता? मागून ताशी ३० मैलांनी धडक बसली तर पेट्रोल गळता कामा नये. ३० मैल म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. हायवेवर पोलिसाला मागून येऊन धडकणारा माणूस ४८ ने येत नाही. नियम पुढे कडक झाला, २००३ च्या डिसेंबरमध्ये, ५० मैलांवर, तोही पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने.

फोर्डचं म्हणणं होतं की इतक्या वेगाच्या धडकेत कुठलीच गाडी टिकणार नाही. तरी २००२ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनं पोलिसांच्या गाड्यांसाठी एक संच देऊ केला. त्यात काय होतं? टाकीजवळच्या अणकुचीदार भागांवर बसवायच्या प्लॅस्टिकच्या ढाली. चोवीस वर्षांपूर्वी पिंटोला लावलेल्या उपायाचा सख्खा भाऊ. शिवाय डिकीतलं सामान मागच्या धडकेत टाकीत घुसू नये म्हणून ते ठेवण्याची वेगळी व्यवस्था. मोहीम पोलिसांच्या गाड्यांसाठी होती. त्याच चासीवरची ग्रँड मार्क्विस घेऊन रविवारी चर्चला जाणारे आजोबा तिच्यात मोजलेले नव्हते. पुढे पोलिसांच्या गाडीत आग विझवणारी यंत्रणाही जास्तीचे पैसे भरून मिळू लागली. आणि मग फोर्ड जाहिरातीत अभिमानाने सांगू लागली की आमची पोलीस गाडी मागून ७५ मैलांच्या धडकेची चाचणी पार करते.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून फेरी मारून आलो. पार करते! म्हणजे जमत होतं. माणसं मेल्यावर, बातम्या आल्यावर, वकील लागल्यावर जमलं. यावर चाहते म्हणतील, बघा, कंपनीनं सुधारणा केली. मी म्हणेन, त्या सुधारणेत नवं विज्ञान कुठलं होतं ते दाखवा. प्लॅस्टिकची ढाल १९७८ मध्येही बनवता येत होती.

गाडी विकत घेणारं कोण होतं? महापालिकेचा किंवा राज्याचा खरेदी विभाग. त्याच्यासमोर रकाने असतात: किंमत, पार्टचा साठा, मेकॅनिकचं प्रशिक्षण, लिलावात परत मिळणारी रक्कम. या प्रत्येक रकान्यात पँथर पहिली. टाकीची जागा कुठे, असा रकाना नसतो.

टॅक्सीचं उदाहरण याहून स्वच्छ आहे, कारण त्यात आगबिग काही नाही. नुसता हिशेब आहे. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीत बऱ्याचदा गाडी आणि परवाना मालकाचा, चालक ती पाळीच्या भाड्याने घेतो. पेट्रोल कुणाचं? चालकाचं. क्राउन व्हिक्टोरिया शहरात गॅलनला पंधरा-सोळा मैल द्यायची, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आसपास. त्याच फोर्ड कंपनीची एस्केप हायब्रिड शहरात याच्या दुप्पट द्यायची, आणि २००५ पासून ती न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी म्हणून धावतही होती. बारा तास मॅनहॅटनच्या ट्रॅफिकमध्ये थांबत-सरकत जाणाऱ्या चालकासाठी हा फरक रोजच्या खिशाचा. पण गाडी निवडणार मालक, आणि मालकाला क्राउन व्हिक्टोरिया स्वस्त पडायची, दुरुस्तीही सोपी. स्टिअरिंगवर मात्र पंजाब, सिल्हेट, ढाका, लाहोरहून आलेली माणसं बसलेली होती आणि जास्तीच्या व्ही-एटचं बिल तीच भरत होती.

२००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं की पाच वर्षांत सगळ्या टॅक्सी हायब्रिड करू. टॅक्सीमालकांची संघटना कोर्टात गेली. २००८ मध्ये कोर्टानं शहराला रोखलं. मायलेजचे नियम फक्त केंद्र करू शकतं, शहर नाही. मग शहरानं वळसा घातला: ज्या मालकाची गाडी जास्त पिते, त्याला चालकाकडून घेता येणाऱ्या भाड्याची मर्यादा कमी करायची. तेही कोर्टात अडलं. म्हणजे ज्या देशातल्या मायलेजच्या कायद्यानं पँथरला जन्माला घातलं, त्याच कायद्याच्या आडोशाला ती म्हातारपणी टॅक्सीच्या ताफ्यात टिकून राहिली. चाहत्यांच्या ‘सरकारनं मारली’ या कथेत हा प्रसंग कुठे बसवायचा, मला खरंच समजत नाही.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं, म्हणून इतका चिडून लिहितोय. मी ज्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो त्यातला गाभा माझ्या शाळेच्या दिवसांतला आहे. ‘चालतंय ना, हात लावू नकोस’ हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांतल्या एकालाही रात्री तीनला सिस्टिम पडल्याचा फोन येत नाही. फोन येतो तो वर्षभरापूर्वी लागलेल्या पोराला. जुना कोड वाईटच असतो असं मी म्हणत नाही, कित्येकदा नव्यापेक्षा बराच असतो. पण ‘इतकी वर्षं चालतोय’ हा त्याच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून कुणी पुढे केला की मी एकच विचारतो: तो चालतो ठेवण्यासाठी रात्री कोण जागतं?

आता मरणाकडे. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेत नियम जाहीर झाला: १ सप्टेंबर २०११ पासून बनणाऱ्या प्रत्येक हलक्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलंच पाहिजे. गाडी घसरायला लागली की संगणक एकेका चाकाचा ब्रेक वेगळा दाबून तिला सरळ करतो, ती ही यंत्रणा. सगळ्या गाड्यांत ती आली की वर्षाला ५,३०० ते ९,६०० जीव वाचतील असा सरकारी अंदाज होता. पँथरमध्ये ती नव्हती. भक्त याला ‘इलेक्ट्रॉनिक्सची सक्ती’ म्हणतात. पण हीच यंत्रणा फोर्डच्या एक्स्प्लोररमध्ये २००५ पासून सगळ्या मॉडेलवर होती. कंपनीला ती येत होती, हाती साडेचार वर्षं होती. फक्त पँथरवर आणखी पैसे घालायचे नव्हते. २००८ पासून तर अमेरिकेत क्राउन व्हिक्टोरिया सामान्य माणसाला शोरूममध्ये मिळतच नव्हती, फक्त सरकारी आणि टॅक्सीच्या ताफ्यांना. बांधलेल्या गिऱ्हाइकाकडून शेवटचा डॉलर निघेपर्यंत ओढायची आणि नियम आला की त्याच्याकडे बोट दाखवून दुकान बंद करायचं. याला खून म्हणत नाहीत.

एका मुद्द्यावर मात्र मी चाहत्यांच्या बाजूला जाऊन उभा राहीन. पँथर गेल्यानं पेट्रोल वाचलं, हवा सुधारली, वगैरे कुणी म्हणू नये. तिच्या जागी फोर्डनं पोलिसांसाठी टॉरसची सेडान आणि एक्स्प्लोरर अशा दोन गाड्या आणल्या. पोलिसांनी एक्स्प्लोररला पसंती दिली. मायलेजच्या कायद्यानं एसयूव्हीला कारमध्ये न मोजता हलक्या ट्रकमध्ये मोजलं आणि ट्रकला सवलत दिली. तीस वर्षं सगळा उद्योग त्या फटीतून बाहेर पडत राहिला. आर्लिंग्टनला कॅप्रिसचं जे झालं तेच शेवटी सगळ्या सेडानचं झालं. २०१८ मध्ये फोर्डनं अमेरिकेतल्या आपल्या सेडान बंद करायचं जाहीर केलं, आणि गंमत म्हणजे २०२० ची एक्स्प्लोरर पुन्हा मागच्या चाकांच्या रचनेवर आली. ज्याला लोक पँथरचा आत्मा म्हणत होते, ते मागच्या चाकांचं चालणं कायद्यानं कधीच मारलं नव्हतं. ते एसयूव्हीच्या पोटात बसून परत आलं.

पण चाहत्यांना राग कशाचा येतो, तर स्टॅबिलिटी कंट्रोलचा. जीव वाचवणाऱ्या नियमाला शिव्या, आणि ज्या फटीनं त्यांची लाडकी सेडान खरोखर संपवली तिच्याबद्दल चकार शब्द नाही. उलट त्यातले निम्मे आज स्वतः एसयूव्ही चालवत असतील.

शेवटची क्राउन व्हिक्टोरिया १५ सप्टेंबर २०११ ला बनली. अमेरिकेत ती विकताच आली नसती, नियम १ तारखेलाच लागू झाला होता. ती सौदी अरेबियाला गेली. आखातात नोकरी केलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींना ही गाडी तिथल्या रस्त्यांवर पाहिल्याचं आठवत असेल. ती बनली कॅनडातल्या ऑन्टारिओत, सेंट थॉमस गावाजवळच्या कारखान्यात. तो १९६७ पासून चालू होता आणि शेवटी फक्त पँथर बनवत होता. बाकी सगळ्या गाड्या गेल्या तरी ही राहिली, म्हणून तिथल्या कामगारांना वर्षानुवर्षं नोकरी राहिली. आणि त्या कारखान्यात दुसरं काहीच बनत नव्हतं, म्हणून ही गेली तेव्हा कारखानाही गेला. कारखाना पाडून टाकला. बरीच वर्षं जागा रिकामी होती. २०२३ पासून तिथे अ‍ॅमेझॉनचं गोदाम आहे.